विमानाची थरथर

नवापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर इद्रिसभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, गिरणीच्या मोटारी, पोल्ट्रीतले पंखे, मिक्सर, जे जळेल ते तिथे येतं. दुकानात प्लायवूडची फळी उभी करून त्यांनी एक कोपरा मुलीला काढून दिला होता. मंतशा तिथे मोबाईल दुरुस्त करायची. तांदळाच्या कणीएवढा भाग चिमट्यात धरून ती बोर्डावर अलगद बसवी, आणि हा हात आपल्याकडूनच आलाय असं इद्रिसभाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. ते खरंही होतं. केसासारखी तांब्याची तार न तोडता गुंडाळावी तर त्यांनीच.

विमान घरात आणलं ते सकलैनने. मंतशाचा हा मोठा भाऊ सुरतला नोकरीला होता. एका ईदला तो भलामोठा खोका घेऊन आला. आत फोमचं पांढरं विमान, नाकात बॅटरीवर चालणारी मोटर, आणि दोन दांड्यांचा रिमोट. नव्याने शिकणाऱ्यांसाठीचं विमान, असं खोक्यावर छापलेलं होतं. इद्रिसभाईंनी ते आधी हसण्यावारी नेलं. मग मोटर कशी बांधलीय ते बघायला उघडलं, आणि उघडलं ते उघडलंच. दोनेक वर्षांत बापलेकीला त्याचं असं वेड लागलं, की शुक्रवारी दुकान बंद असलं की जुम्याची नमाज आटोपून दोघं मोटारसायकलवर विमान बांधून निघत.

जायचं खांडबाऱ्याच्या अलीकडे, ईश्वर गावितच्या पोल्ट्रीमागच्या पडीक माळावर. ईश्वरच्या शेडचे पंखे इद्रिसभाईच दुरुस्त करत, म्हणून त्याने माळ मोकळा करून दिला होता. अट एकच, की शेडवरून विमान न्यायचं नाही. कोंबडी भित्री जात. वरून घारीची सावली गेली तरी सगळा कळप एका कोपऱ्यात दाटतो.

रिमोटवर तीन टप्प्यांचं एक बटण होतं. पहिल्या टप्प्यावर विमान शहाण्या बैलासारखं वागायचं. दांडी कशीही ओढा, सोडली की आपलं आपण सरळ. तिसऱ्या टप्प्यावर मात्र यंत्र अंग काढून घेई आणि सगळा भार उडवणाऱ्याच्या हातावर येई. कसरती करायच्या तर तिसराच टप्पा लागतो. इद्रिसभाईंनी किती वेळा विमान बाभळीत घातलं आणि मंतशाने किती वेळा ते चिकटवलं, याला हिशेब नाही. पण शेवटी त्यांना ते जमलं. उंच जाऊन गिरकी घेत मागे कोलांटी मारायची, अंगावर लोळण घ्यायची, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाठीवर पडून माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचं. उलट्या विमानाला सगळं उलटं लागतं. वर ठेवायचं तर दांडी पुढे ढकलून धरावी लागते, आणि धरलेला अंगठा जरा हलला तर विमानही हलतं. मंतशाला ते जमत नव्हतं. ती आपली पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर फेऱ्या मारी आणि उरलेला वेळ मान वर करून अब्बांचं विमान बघत राही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी तिला ते पहिल्यांदा दिसलं. विमान पाठीवर होऊन डोक्यावरून गेलं आणि त्याचे पंख थरथरत होते. तापात माणूस कुडकुडतो तसे.

तिने अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, वारा असेल. वारा नव्हता. शेडच्या कडेचे पडदेसुद्धा हलत नव्हते. मग तिने तर्क केला, की पंखाची पट्टी हलवणारी जी छोटी मोटर असते, ज्याला सर्वो म्हणतात, ती झिजली असणार. इद्रिसभाई म्हणाले, “व्हई. देख तू.”

त्या आठवड्यात तिने सर्वो बदलला. शुक्रवारी विमान पुन्हा थरथरलं. तिने दुसऱ्या बाजूचाही बदलला. मग पट्टीच्या तारा बदलल्या, नाकावरचा पंखा तोलून घेतला, रिमोटचा संदेश पकडणारा बोर्ड सकलैनकडून नवा मागवला. जमिनीवर तपासलं की सगळं ठाकठीक, पट्ट्या जिथल्या तिथे स्थिर. वर जाऊन पाठीवर पडलं की थरथर. तिला झोपेतही तेच दिसे. ती मोबाईल बाजूला सारून विमान खोलून बसे आणि इद्रिसभाई तिच्या शेजारी डाव्या हातात टॉर्च धरून उभे राहत. तिने जे सुचवलं त्याला ते हो म्हणत. एकदाही त्यांनी म्हटलं नाही की सोड आता हे.

इकडे मंतशाने ठरवलं, की उलटं उडवायला आपणच शिकायचं. दुसऱ्याने उडवलेलं बघून दोष सापडत नाही, तो आपल्या बोटांना कळला पाहिजे. कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा सराव करता येतो. तो तिने मन लावून केला. पौष महिन्यात इद्रिसभाई तार आणायला सुरतला गेले होते, त्या दिवशी ती एकटीच मोटारसायकल काढून माळावर गेली. ईश्वरची बायको ममता शेडच्या दारात खाद्याची रिकामी पोती झटकत होती. मंतशाने तिला हात केला, विमान उंच नेलं, तिसरा टप्पा लावला, श्वास धरला आणि ते पाठीवर घातलं.

विमान पाटावर ठेवल्यासारखं गेलं. पंखाला कंप म्हणून नाही. ती वळली, पुन्हा पाठीवर आणलं, पुन्हा तसंच. इतका आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. दोष गेला होता. नव्या बोर्डानेच काम केलं, असं मनाशी म्हणत ती हसत घरी आली आणि अब्बा सुरतहून येताच दारातच त्यांना सांगितलं. इद्रिसभाई “वा” म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले. तिला वाटलं, प्रवासाने दमले असतील.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी विमान पाठीवर घातलं आणि ते थरथरलं.

मंतशाची मान वरच होती. मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिने ती खाली केली आणि विमानाऐवजी रिमोटकडे पाहिलं. दांडीवर अब्बांचा उजवा अंगठा होता, आणि तो हलत होता. बसल्या बसल्या कुणी विडी वळावी तसा, एका लयीत, थांबायचं नाव नाही. विमान त्यांनी सरळ केलं, खाली उतरवलं, रिमोट तिच्या हातात दिला आणि हात झब्ब्याच्या खिशात घातला.

तेव्हा एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे आली. टॉर्च डाव्या हातातच का असायचा. बारीक तारेचे मिक्सर मांडणीवर का साचले होते आणि गिऱ्हाइकाला “उद्या या” असं का ऐकावं लागत होतं. आणि ती एकामागून एक भाग बदलत असताना ते का मुकाट बघत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोष विमानात सापडावा अशी तिच्याइतकीच त्यांचीही इच्छा असावी.

परतताना ती मागे बसली होती. बापाला काय सांगणार, तुमचा हात हलतोय म्हणून? ज्याच्या हाताचं नाव तालुक्यात आहे त्याला? त्यांनी स्वतः सांगावं, म्हणजे आपल्याला सांगावं लागणार नाही, असं करत करत तिने आठवडा ढकलला.

त्याच आठवड्याच्या शेवटी ईश्वरच्या मुलाची सोयरीक जमली. पाहुणे आले होते, जेवणं झाली होती, आणि ईश्वरने मोठ्या हौसेने सांगून ठेवलं होतं, की आमचे इद्रिसभाई विमान उलटं उडवतात, बघाच. माणसं शेडच्या सावलीला खुर्च्या टाकून बसली. एरवी बापलेक माळाच्या मध्यावर, शेडकडे पाठ करून उभी राहत. आज पाहुण्यांना दिसावं म्हणून शेडच्या जवळ उभं राहावं लागलं, तेही शेड पाठीमागे नाही, एका बाजूला ठेवून.

विमानाला बॅटरी लावताना मंतशा हळूच म्हणाली, “अब्बा, आज बटन तिसरावर नको.”

“पाव्हणा बसेल शेतस,” ते म्हणाले. तिच्याकडे न बघता.

कोलांट्या छान झाल्या. त्यांना दांडी ओढून सोडायची असते, धरून ठेवायची नसते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विमान पाठीवर झालं, नेहमीपेक्षा खाली, आणि माळावरून त्यांच्या दिशेने येऊ लागलं. थरथर सगळ्यांना दिसत होती. ती कसरतच आहे असं समजून एक म्हातारा कौतुकाने मान हलवत होता. मंतशा अब्बांच्या उजव्या बाजूला उभी होती. हात पुढे करून पहिल्या टप्प्याचं बटण दाबायला तिला पळभरही लागलं नसतं. तिने हात पुढे केला नाही. पाहुण्यांच्या देखत बापाच्या हातातला रिमोट कसा हिसकावायचा, एवढंच तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात ते झालं. विमान सरळ करायला इद्रिसभाईंनी दांडी वळवली, अंगठा निसटला, आणि पांढरं विमान आडवं होऊन शेडचा पडदा फाडून आतल्या जाळीवर आदळलं.

आतून जो आवाज उठला तो ज्याने ऐकला तो विसरणार नाही. जाळीला थडकलेल्या विमानाचा पंखा घोंगावत होता आणि हजारो पक्षी एकदम दुसऱ्या टोकाला धावले. ईश्वर खुर्ची उलथून पळाला. ममता त्याच्या आधी आत पोचली होती. टोकाच्या भिंतीशी पक्ष्यांचा ढीग झाला होता, कमरेएवढा, आणि वरून आणखी चढतच होते. वरचे जगतात, खालचे गुदमरतात. ममता दोन्ही हातांनी पक्षी उचलून मागे फेकत होती. मंतशाही फेकू लागली. वरचे गरम, फडफडणारे होते. खाली खाली जावं तसे हाताला ढिले लागू लागले.

विक्रीला गाडी येणार होती ती त्याच आठवड्यात. मेलेले पक्षी बाहेर आणून पोत्यांवर ठेवले तेव्हा पाहुणे उठून बाजूला झाले होते. ईश्वर घामाने निथळत बाहेर आला. तो ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, की झालं काय.

इद्रिसभाई रिमोट धरून जागच्या जागी उभे होते. हात पुन्हा खिशात गेला होता. म्हणाले, “सर्वो गया.”

विमानाची दुरुस्ती कोण करतं ते ईश्वरला माहीत होतं. ममतालाही माहीत होतं. दोघांनी मंतशाकडे पाहिलं. तिच्या ओढणीला पिसं चिकटली होती आणि हातांवर ओरखडे होते. तिने अब्बांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. मंतशाची आई जाहेदा दारातच उभी होती, आणि तिने मुलीला आत येण्याआधीच फैलावर घेतलं. एवढी शिकली, एवढी हुशारी मिरवते, आणि एक सुटा भाग नीट बसवता येत नाही? बापाने तीस वर्षं या तालुक्यात नाव कमावलं, ते चार माणसांत घालवलंस. जेवायला बसल्यावरही ते चालूच राहिलं. दस्तरखानावर वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी होत्या. मंतशा भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून बसली. रडू आलं नाही.

इद्रिसभाईंनी ताट मागे सारलं.

“जाहेदा, तिले बोलू नको,” ते म्हणाले. “सर्वोत काहीच नही व्हतं.”

मग त्यांनी उजवा हात दस्तरखानावर, भाकरीच्या टोपलीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. तो पडल्या पडल्या हलत होता. “हाऊ देख. दिवाळीपासून शे.”

जाहेदा पुढे सरकली. मग तिने आपला हात त्यावर दाबून धरला, जणू दाबलं की थांबेल. थोडं थांबलंही. सोडलं की पुन्हा सुरू. ती मुलीकडे वळली. आवाज आता चढलेला नव्हता.

“तुले माहीत व्हतं?”

“मांगला शुक्रवारपासून.”

“तरी बी उडाऊ दिधं?”

मंतशाने उठून ताटं गोळा केली.

सकलैनने सुरतच्या नसांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि सगळे मिळून गेले. डॉक्टरांनी अब्बांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एका कागदावर ओळीने गोल काढायला सांगितले. इद्रिसभाईंनी काढलेला पहिला गोल मोठा होता आणि शेवटचा मुंगीएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. बरा होत नाही, पण गोळीने बराच काळ आवरता येतो, आणि लवकर आलात हे चांगलं केलंत. लवकर आलात, हे ऐकून मंतशा खिडकीबाहेर बघू लागली. इद्रिसभाईंनी एकच विचारलं, की बारीक तार गुंडाळता येईल का. डॉक्टर म्हणाले, काही दिवस येईल, काही दिवस नाही येणार, आणि कोणता दिवस कसा हे आधी सांगता येणार नाही.

गोळीने फरक पडला. सकाळची गोळी घेतली की दुपारपर्यंत हात बऱ्यापैकी शांत राही. मांडणीवरचे मिक्सर एकेक करून खाली उतरू लागले, काही दुरुस्तीविनाच परतही गेले. पण घरात मंतशा बापाशी कामापुरतंच बोलत होती. कोंबड्यांचं तिला दुःख होतं, आपल्या गप्प राहण्याचं तर फारच होतं. तरी या सगळ्याखाली ‘सर्वो गया’ हे दोन शब्द अडकून बसले होते. आजार लपवला हे ती समजू शकत होती. आपलं नाव पुढे केलं, हे तिला गिळता येत नव्हतं. दुकानात येणाऱ्या बायकाही आता मोबाईल देताना विचारायला लागल्या होत्या, की नीट होईल ना?

इद्रिसभाईंच्या ते कानावर पडत असणारच. मध्ये फक्त प्लायवूडची फळी होती. एका सकाळी ते फळीच्या या बाजूला आले आणि म्हणाले, “ईश्वरकडे जासू. तू चाल.”

ती म्हणाली, तुम्ही जा. ते म्हणाले, “तुन्हा समोर बोललो व्हतो. तुन्हा समोरच सांगसू.”

मोटारसायकल आता तिलाच चालवावी लागे.

ईश्वर शेडमध्ये तूस पसरत होता. नवीन पिल्लं यायची होती. शेड रिकामं होतं आणि चुन्याचा वास येत होता. ममता दारात येऊन उभी राहिली. इद्रिसभाईंनी बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की सर्वो गेला नव्हता, हात गेला होता. पोरीने सगळं चोख बसवलं होतं. मी खोटं बोललो. त्यांनी हात खिशातून काढून दाखवलाही, पण गोळीचा अंमल होता, त्यामुळे तो त्या वेळी फारसा हलत नव्हता आणि ईश्वरला नक्की काय बघायचं ते कळेना.

ते बघून मंतशा पुढे झाली. म्हणाली, “माले त्यानाआधी आठ दिवसपासून माहीत व्हतं, ईश्वरभाऊ. मी बी बोलनी नही.”

ईश्वरने फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, “कोंबड्या गयात त्या गयात. आजारना काय राग धरू? पण इद्रिसभाई, तुमी पोरनं नाव लिधं.”

इद्रिसभाईंनी होकाराची मान हलवली.

“पंखा बिघडना तर मी तुमलेच बलावसू,” ईश्वर म्हणाला. “पण आते आठे इमान आनू नका.”

एवढं बोलून त्याने फावडं उचललं. ममता मात्र आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने आधी मंतशाच्या हातात दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली.

परतताना वाटेतलं रेल्वे फाटक बंद लागलं. मालगाडी होती, लांबच लांब. मंतशाने गाडी बंद करून पाय टेकले. दुपार होत आली होती, गोळीचा अंमल उतरत होता. खांद्यावर टेकलेला अब्बांचा हात हळूहळू हलायला लागलेला तिला कळला. त्यांनाही कळला असावा, कारण त्यांनी तो उचलला आणि मागची दांडी धरली.

डबे जात राहिले. विमानाचं काय करायचं, हा विषय अजून दोघांनीही काढला नव्हता. मोडलेल्या नाकानिशी ते दुकानात पडून होतं आणि तिने त्याला हात लावला नव्हता. राग गेला होता का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फाटक वर जाऊ लागलं तशी तिने गाडी सुरू केली आणि मान किंचित मागे वळवली.

“हात खांदावर ठेवा, अब्बा,” ती म्हणाली. “पुढे रस्ता खराब शे.”